नेमके कुठे दुखते, कसे दुखते? : विद्यार्थ्यांच्या पत्रांना उत्तरे

गेल्या अंकात या सदरातून मी विद्यार्थी वाचकांना एकच प्रश्न विचारला होता : तुम्हाला काय दुखते आणि दुखू लागले की तुम्ही काय करता? आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट मनाला फार लागली. जवळजवळ प्रत्येकाने दुखण्याचे वर्णन दोन ओळींत उरकले होते आणि ते दुखणे इतरांपासून कसे लपवले, हे मात्र पानभर लिहिले होते. म्हणून उत्तरे देताना औषधांइतकाच भर मी दुखणे सांगण्यावर दिला आहे. डॉक्टरच्या हाताशी तपासणीची कितीही साधने असली, तरी वेदना मोजणारे यंत्र अजून कोणाकडे नाही. निदानाची सुरुवात रुग्णाच्या तोंडच्या शब्दांपासूनच होते. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत. ही उत्तरे प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत, हेही आरंभीच सांगून ठेवते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि छत्रपती संभाजीनगरला वसतिगृहात राहते. पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोटात इतक्या कळा येतात की मला उलटी होते आणि मांड्या भरून येतात. आई म्हणते, तिलाही असेच व्हायचे, लग्नानंतर थांबेल. प्रात्यक्षिकाच्या दिवशी पाळी आली की मी सरांना ‘पोट बिघडले आहे’ असे सांगते. सवय लागेल या भीतीने मैत्रिणीने दिलेली गोळी मी होता होईल तो घेत नाही. अगदीच सहन होईनासे झाले की घेते, पण तोवर तिचा उपयोग होत नाही. मी काय करावे?

उत्तर : गोळी लागू का पडत नाही, हे तूच पत्रात लिहिले आहेस : ती तू फार उशिरा घेतेस. पाळी सुरू होताना गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये सुटतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोराने आकसतो, आकसताना त्याचा स्वतःचाच रक्तपुरवठा कमी होतो आणि त्यातून कळ उठते. हीच द्रव्ये रक्तात मिसळली की मळमळ, उलटी, कधी जुलाबही होतात. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन ही औषधे या द्रव्यांची निर्मिती रोखतात. एकदा तयार होऊन सुटलेली द्रव्ये मात्र त्यांना मागे घेता येत नाहीत. म्हणून पाळी आल्याचे कळताच, चार घास खाऊन घेतलेली गोळी काम करते आणि दुपारपर्यंत ओठ आवळून सोसल्यानंतर घेतलेली तीच गोळी फुकट जाते. महिन्यातले एक-दोन दिवस, ठरवून दिलेल्या मात्रेत घेतलेल्या या गोळ्यांची सवय लागत नाही. ती भीती मनातून काढून टाक.

मैत्रिणीच्या पाकिटातली गोळी मात्र घेऊ नकोस. ज्यांना जठराचा व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, ज्यांचा दमा ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी उसळतो, त्यांना ही औषधे चालत नाहीत, आणि तुझ्या बाबतीत असे काही आहे का, हे मैत्रिणीला ठाऊक असण्याचे कारण नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल एक इशारा प्रसिद्ध केला होता. त्याचा अर्थ ‘ही गोळी विष आहे’ असा नव्हता, जसा तो त्या वेळी मोबाइलवरून पसरला. क्वचित एखाद्या व्यक्तीला या औषधाची तीव्र ॲलर्जी होऊन अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना इजा होऊ शकते, हे डॉक्टरांच्या व रुग्णांच्या लक्षात राहावे, एवढाच त्याचा हेतू होता. गोळी घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप आणि पुरळ एकदम दिसले, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडे जायचे, हे मात्र पक्के ध्यानात ठेव.

शेक घेण्याचा घरगुती उपाय तुझी आजी सांगत असेल, तर ती अगदी बरोबर सांगते आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ओटीपोटावर सलग सुमारे ४० अंश सेल्सिअसची ऊब देणाऱ्या पट्टीने आयबुप्रोफेनइतकाच आराम पडल्याचे दिसले होते. कढत पाण्याची पिशवी कातडीला चिकटवून चटका घेण्यापेक्षा, मऊ कापडात गुंडाळलेली कोमट पिशवी बराच वेळ ठेवणे अधिक गुणाचे असते. पाळीच्या मधल्या आठवड्यांत नियमाने चालणे, पळणे किंवा योगासने केल्यानेही पुष्कळ मुलींच्या कळा सौम्य होतात.

आता आईच्या म्हणण्याविषयी. वय वाढेल तशा, किंवा बाळंतपणानंतर, अनेकींच्या कळा कमी होतात हे खरे आहे. लग्न हे मात्र कोणत्याच दुखण्याचे औषध नाही. ‘तिलाही असेच व्हायचे’ हे आईचे वाक्य मी डॉक्टर म्हणून वेगळ्या कानाने ऐकते. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा एंडोमेट्रिओसिस नावाचा विकार आहे. जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो आणि आई किंवा बहिणीला असेल, तर आपल्याला असण्याची शक्यता वाढते. पिढ्यान्‌पिढ्या ‘आमच्या घरात असेच असते’ असे म्हटल्यामुळे त्याचे निदान वर्षानुवर्षे लांबते. पाळीच्या दोन-चार दिवस आधीपासून दुखू लागत असेल, दुखणे वर्षागणिक वाढत असेल, शौचाला बसताना कळ येत असेल, किंवा वेळेवर नीट औषध घेऊनही तीन-चार पाळ्यांत फरक पडत नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि आईलाही या गोष्टी विचारून जा. तिने कधी कोणाला न सांगितलेली माहिती तुझ्या निदानाच्या कामी येईल.

‘पोट बिघडले आहे’ हे वाक्य मीही वापरलेले आहे. प्रशिक्षणार्थी असताना प्रसूतिकक्षात खाटेच्या कठड्याला धरून मी अख्खी रात्र काढली आणि सकाळी वरिष्ठांना ‘चक्कर आली’ असे सांगितले. प्रसूतिकक्षातसुद्धा मला पाळी हा शब्द उच्चारता आला नाही, याची आठवण अजून सलते. परिस्थिती थोडी बदलते आहे : केरळ सरकारने जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या विद्यापीठांतील विद्यार्थिनींसाठी हजेरीची अट ७५ वरून ७३ टक्क्यांवर आणली. तुझ्या महाविद्यालयात अशी तरतूद नसेल, तर एखाद्या प्राध्यापिकेशी, एरवीच्या निवांत दिवशी, एकदा स्पष्ट बोलून ठेव. कळा चालू असताना दारात उभे राहून सांगण्यापेक्षा ते पुष्कळ सोपे जाते.

प्रश्न : माझे वय २६ आहे. तीन वर्षांपासून पुण्यात सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करतो. अभ्यासिकेत रोज अकरा-बारा तास बसतो. गेले सहा महिने डोके रोज दुखते. डोक्याभोवती घट्ट पट्टा आवळल्यासारखे वाटते. मेडिकलमधून डोकेदुखीची गोळी आणतो, चहाबरोबर घेतो आणि पुन्हा बसतो. आधी आठवड्यातून एक लागायची, आता दिवसाला दोन लागतात. डोळे तपासले, नंबर नाही. मेंदूत काही असेल का?

उत्तर : तुमच्या वर्णनावरून मेंदूतील गाठीपेक्षा मला त्या गोळीचाच संशय अधिक येतो. घट्ट पट्ट्याची उपमा तुम्ही अचूक दिली आहे. ताणाच्या डोकेदुखीचे वर्णन बहुतेक रुग्ण असेच करतात. मान आणि खांद्याचे स्नायू तासन्‌तास आखडून राहिल्याने, अपुऱ्या झोपेने आणि काळजीने ती सुरू होते. मोठ्या माणसाचे डोके साधारण पाच किलोचे असते. टेबलावर सपाट ठेवलेल्या पुस्तकावर मान वाकवून ते ओझे बारा तास तोलून धरले, तर मानेने तक्रार करावी हे रास्तच आहे.

तुमच्या बाबतीत या मूळ दुखण्यावर दुसरे दुखणे चढलेले दिसते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि कॅफिन वगैरे घातलेल्या मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. गोळीचा अंमल उतरला की डोके दुखते, दुखले की गोळी घेतली जाते आणि चक्र पुरे होते. दुकानात सहज मिळणाऱ्या डोकेदुखीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर कॅफिन असते आणि त्यावर तुम्ही चहाही पिता. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेले घटक आज वाचून पाहा. त्यात केवळ पॅरासिटामॉल असले, तरी सर्दी-तापाच्या गोळ्यांतही तेच असते, हे विसरू नका : निरोगी प्रौढाने २४ तासांत सगळे मिळून चार ग्रॅमची, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांची, मर्यादा ओलांडली तर यकृताला इजा होऊ शकते.

यावर उपाय म्हणजे ती गोळी थांबवणे, आणि तो सोपा नाही. थांबवल्यानंतरचे पहिले दोन ते दहा दिवस डोके आधीपेक्षा जास्त दुखते, मळमळते, झोप लागत नाही. नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक लोक हार मानतात. म्हणून हे काम पूर्वपरीक्षेच्या आदल्या आठवड्यात करू नका. त्याला पंधरा मोकळे दिवस द्या आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली करा, कारण त्या काळात आधार देणारी वेगळी औषधे असतात. चहाही एकदम न तोडता हळूहळू कमी करा. एक साधी वही ठेवा : तारीख, दुखणे किती वाजता सुरू झाले, आदल्या रात्री किती झोप झाली, काय घेतले. महिनाभराने तीच वही डॉक्टरपुढे ठेवा. पुस्तक उभे ठेवण्याची लाकडी घोडी कोणत्याही अभ्यासिकेत वापरता येते. दर पाऊण तासाने उठून जिना एकदा उतरून चढलात, तर त्यात अभ्यासाचा वेळ बुडत नाही.

डोकेदुखी क्षणार्धात, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र उठली, तिच्यासोबत ताप व मान ताठ झाली, एक बाजू लुळी पडली, बोलणे अडखळले, दिसायला दोन-दोन लागले, किंवा पहाटे उलटीसह जाग येऊ लागली, तर मात्र वहीची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे की घरी फोनवर ‘मजेत आहे’ एवढेच सांगता, कारण वडिलांनी शेत गहाण ठेवून पैसे पाठवले आहेत. डोके दुखण्याचे हेही कारण आहे, आणि ते कोणत्याही तपासणीत दिसणार नाही. वडिलांना सगळे नाही, तरी ‘डोके फार दुखते, डॉक्टरकडे जातो आहे’ एवढे सांगा. मुलगा आजारी आहे हे कळण्यापेक्षा त्याने ते लपवले होते हे नंतर कळणे बापाला जड जाते, हे मी माझ्या दवाखान्यात अनेकदा पाहिले आहे.

प्रश्न : पेपर लिहिताना तासाभराने उजव्या हाताची बोटे आखडतात आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखते. बाकी कोणतेही काम करताना दुखत नाही. शिक्षक म्हणतात, सराव कमी पडतो.

उत्तर : फक्त लिहितानाच बोटे आखडत असतील, तर जास्त सरावाने ते वाढण्याचाही संभव आहे. स्नायूंना मेंदूकडून मिळणाऱ्या आज्ञांत गोंधळ होऊन लेखणी धरताच हात वाकडा होण्याचा एक विकार आहे आणि त्याचे निदान मेंदूविकारतज्ज्ञ करतात. त्याआधी जाड पेन वापरून पाहा, बोटांची पकड सैल ठेव आणि अंगठ्याच्या मुळाशी सूज आहे का, ते अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव. हा विकार असलेल्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट घालता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने अशा परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक तत्त्वेही काढली. निदान झाले, तर वैद्यकीय प्रमाणपत्रासह परीक्षेच्या बरेच आधी अर्ज कर.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातील आहे, आता नागपूरला बी.एस्सी. करतो. मला एसएस सिकलसेल, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही आलेला तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार, आहे. हिवाळ्यात हातपाय आणि कंबर अशी दुखते की हाडात कोणी सळई फिरवते आहे असे वाटते. दोन-तीन दिवस उठता येत नाही, नंतर मी चांगला दिसतो, म्हणून वर्गात सगळ्यांना वाटते की मी बहाणा करतो. एकदा रुग्णालयात तातडीच्या विभागात मी इंजेक्शन मागितले, तर ‘तुला याचे नाव कसे माहीत?’ असे विचारून मला बराच वेळ बसवून ठेवले. आता दुखले तरी मी खोलीतच पडून राहतो.

उत्तर : तुझे पत्र मी तीनदा वाचले. ज्या मुलाला लहानपणापासून वर्षातून अनेकदा त्याच वेदनेने रुग्णालयात यावे लागते, त्याला औषधाचे नाव पाठ असणारच. त्यावरून संशय घेणे हा अन्याय होता, आणि माझ्या व्यवसायातली एक व्यक्ती म्हणून मला त्याची खंत वाटते.

तुझ्या आजाराच्या इतिहासाची सुरुवातच एका विद्यार्थ्यापासून झाली आहे. वॉल्टर क्लेमंट नोएल हा तरुण १९०४ मध्ये कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला शिकागोला गेला. तिथे तो पुन्हा पुन्हा आजारी पडू लागला. त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या आणि डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्याची हकीकत प्रसिद्ध केली. वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेला हा सिकलसेलचा पहिला रुग्ण. आजारपणाच्या खेपा चालू असतानाच नोएलने शिक्षण पूर्ण केले आणि मायदेशी परतून दवाखाना चालवला. १९१६ मध्ये वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या काळी या आजारावर काहीच औषध नव्हते. आज आहे, म्हणून हे तुला मुद्दाम सांगते आहे.

दुखते ते असे : प्राणवायू कमी पडला की तुझ्या तांबड्या पेशी ताठ आणि विळ्यासारख्या होतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला, विशेषतः हाडांच्या मगजाला, रक्त मिळेनासे होते. सळईची तुझी उपमा म्हणूनच योग्य आहे. वेदना खरोखर हाडातच असते. थंडी, शरीरातले पाणी कमी होणे, ताप, अतिश्रम आणि जागरण ही तिची नेहमीची निमित्ते आहेत. नागपूरच्या डिसेंबरात वसतिगृहात पहाटे गार पाण्याने अंघोळ करणे हे तुझ्यासाठी दुखण्याला आमंत्रण आहे. गरम पाणी मिळणे ही तुझी वैद्यकीय गरज आहे, तशी चिठ्ठी डॉक्टरकडून घेऊन वसतिगृहप्रमुखांना दे. पाण्याची बाटली सतत जवळ ठेव, उन्हाळ्यात तर दुप्पट काळजी घे. दुखू लागताच ऊब, भरपूर पाणी आणि डॉक्टरने आधीच लिहून दिलेली गोळी. मूत्रपिंडांवर या आजाराचा परिणाम होत असल्याने गोळी स्वतःच्या मनाने बदलू नकोस.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध तू घेतोस की नाही, हे पत्रात नाही. नियमित घेतल्यास दुखण्याच्या खेपा कमी होतात. त्यासाठी ठरावीक काळाने रक्ततपासणी मात्र करावी लागते. आज काही दुखत नाही म्हणून ते बंद करणारी मुले मी पाहिली आहेत, आणि पुढच्या थंडीत त्याची किंमत मोजताना पाहिली आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे. शासकीय रुग्णालयातल्या सिकलसेल कक्षात नाव नोंदवले नसेल, तर या आठवड्यात नोंदव.

तातडीच्या विभागात पुन्हा तसा प्रसंग येऊ नये, यासाठी तुझ्या नेहमीच्या डॉक्टरकडून एका कागदावर चार गोष्टी लिहून घे : निदान, नेहमीचे हिमोग्लोबिन, याआधी वेदनेवर कोणते औषध किती मात्रेत लागू पडले, आणि त्यांचा फोन क्रमांक. तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ओळखपत्राबरोबर ठेव. वेदनेने कासावीस झालेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही. ते काम कागदावर सोपवावे. खोलीत एकट्याने पडून राहणे मात्र आजपासून बंद कर. ताप १०१ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, छातीत दुखून दम लागला, एका बाजूची ताकद गेली, डोळे-ओठ पांढरे पडले, किंवा लिंग ताठरून दुखत राहिले आणि उतरले नाही, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठायचे. शेवटच्या लक्षणाविषयी मुले लाजून बोलत नाहीत, म्हणून ते स्पष्ट लिहिले.

वर्गासाठी एक शेवटची गोष्ट. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ अपंगत्वांत सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज कर. हजेरी आणि परीक्षेतील सवलतींसाठी ते लागेलच, शिवाय ‘बहाणा’ म्हणणाऱ्याला दर वेळी नव्याने पटवून देण्याचा त्रास वाचेल. विदर्भातल्या कोणत्याही मोठ्या वर्गात तू एकटाच सिकलसेलचा असशील असे मला वाटत नाही.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे, लातूरला नीटची तयारी करते, हे माझे दुसरे वर्ष. दर रविवारी चाचणी असते आणि शनिवारी संध्याकाळपासून बेंबीभोवती दुखू लागते. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या, सगळे नॉर्मल आले. शुल्क काका भरतात. ते म्हणाले, ‘म्हणजे तुला काही झालेलेच नाही.’ मला मात्र खरोखर दुखते.

उत्तर : तुला खरोखर दुखते आहे. जगभरच्या वेदनातज्ज्ञांच्या संघटनेने वेदनेची १९७९ मधली व्याख्या २०२० मध्ये सुधारली. त्या व्याख्येसोबतच्या टिपणात स्पष्ट म्हटले आहे की एखादी व्यक्ती दुखते असे सांगते, तेव्हा तिच्या सांगण्याचा आदर राखला पाहिजे. हे काकांना जरूर वाचून दाखव. तपासण्या नॉर्मल आल्या, म्हणजे व्रण, खडा, सूज यांसारखे काही सापडले नाही. वेदना नाही, हे त्यांतून सिद्ध होत नाही.

आतड्याला स्वतःचे मोठे मज्जाजाल असते आणि मेंदूशी त्याची देवाणघेवाण अखंड चालू असते. आपल्या भाषेला हे फार आधीपासून माहीत आहे : भीतीने पोटात गोळा येतो, वाईट बातमीने पोटात खड्डा पडतो, काळजीने पोटात कालवते. दीर्घ ताणात ही मज्जाजाले इतकी हळवी होतात की एरवी जाणवणारही नाही अशी आतड्याची साधी हालचालही दुखू लागते. शनिवारी संध्याकाळी मंद आणि लांब श्वसन, पोट शिथिल करण्याचा सराव, हलके जेवण आणि वेळेवर झोप यांनी फरक पडतो. अशा पोटदुखीवर मानसोपचारातील वर्तनोपचारही चांगला लागू पडतो, आणि त्यासाठी वेडे असावे लागत नाही. वजन घटणे, शौचात रक्त, सतत उलट्या, ताप किंवा झोपेतून जागे करणारी कळ यांपैकी काही असेल, तर मात्र पुन्हा तपासणी करून घे.

पत्राच्या समासात तू बारीक अक्षरांत लिहिले आहेस की कधी कधी सगळेच संपवावेसे वाटते. ते मी वाचले आहे. हे पत्र हाती पडताच मी संपादकांमार्फत तुझ्याशी संपर्क साधला. हे उत्तर तुझ्यासारख्याच इतरांसाठीही छापते आहे. असा विचार आला तर त्या क्षणी एकटीने बसू नये. खोलीतल्या मैत्रिणीला उठवावे, आईला फोन करावा, आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही सरकारी सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. नीट द्यायची की नाही, पुन्हा द्यायची की नाही, हा प्रश्न नंतरचा आहे. काकांचे शुल्क तर त्याहूनही नंतरचे आहे.

प्रश्न : मी जर्मनीत आखेन येथे शिकतो. कंबरेपासून डाव्या पोटरीपर्यंत चमक मारते. डॉक्टरांनी शून्य ते दहामध्ये आकडा विचारला आणि दुखणे कसे आहे ते सांगायला सांगितले. मला ‘चमक’ आणि ‘ठणका’ यांसाठी जर्मन शब्द सुचेनात. मी ‘सात’ म्हणालो आणि गप्प बसलो.

उत्तर : आकड्याने दुखणे किती आहे ते कळते, कसे आहे ते कळत नाही. हीच उणीव ओळखून माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये रुग्णांच्या तोंडच्या शब्दांवर आधारलेली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेचे ७८ शब्द २० गटांत मांडलेले आहेत. मराठीची अशी यादी केली, तर तीही लहान होणार नाही : ठणकणे, ठुसठुसणे, कळ, चमक, उसण, लचक, पेटका, सल, खुपणे, चुरचुरणे, आग होणे, मुंग्या येणे, भरून येणे. प्रत्येक शब्द डॉक्टरला वेगळ्या दिशेला नेतो. ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर उसळतो, म्हणून तो सूज किंवा पू सुचवतो. चमक, आग आणि मुंग्या बहुधा नस दाबली गेल्याचे सांगतात.

तुमच्या दुखण्यात कंबरेतली नस दाबली गेल्याची शक्यता दिसते. मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर त्याच दिवशी तातडीच्या विभागात जा. एरवी पुढच्या भेटीपूर्वी घरी बसून मराठीतच लिहून काढा : कुठे सुरू होते, कुठवर जाते, बसल्याने वाढते की चालल्याने, खोकताना किंवा शिंकताना काय होते, रात्री कोणत्या कुशीवर बरे वाटते. मग त्याचे भाषांतर करा आणि शरीराच्या आकृतीवर बोटाने रेघ ओढून दाखवा. ‘चमक’ सांगताना विजेचा झटका कंबरेतून निघून पोटरीत उतरतो, असे म्हणा. ते कोणत्याही देशातल्या डॉक्टरला कळेल.